लाकडावरचे टपाल : हेड्रियनच्या भिंतीकाठचे चार दिवस

टपाल खात्यात माझी ३६ वर्षे गेली. त्यांपैकी चार वर्षे मी आर्मी पोस्टल सर्व्हिसमध्ये प्रतिनियुक्तीवर होतो, आणि '५६ एपीओ' एवढ्याच पत्त्यावर निघालेले पत्र कोणत्या तरी बर्फाळ चौकीवरच्या जवानाच्या हाती कसे पडते, हे त्या काळात प्रत्यक्ष काम करून शिकलो. आमचा सातारा जिल्हा सैनिकांचा, त्यामुळे नोकरीची उरलेली वर्षेही जवानांची पत्रे, मनीऑर्डरी आणि लोकरी मोज्यांची पार्सले यांतच गेली. म्हणून न्यूकॅसलला राहणाऱ्या मुलाने जेव्हा फोनवर सांगितले, "बाबा, एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या रोमन शिपायांची पत्रे इथून तासाभरावर जमिनीत सापडली आहेत, तुम्ही या," तेव्हा इंग्लंड पाहण्यापेक्षा ती पत्रे पाहण्याची ओढ मला अधिक लागली. तारखा मी मुद्दाम सप्टेंबरातल्या निवडल्या. त्यामागचे कारण तिसऱ्या दिवसाच्या हकिकतीत येईल.

ज्यांना या भागाची माहिती नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो, की रोमन सम्राट हेड्रियन इ.स. १२२ मध्ये ब्रिटनला आला आणि त्याच्या आज्ञेने बेटाच्या अरुंद कंबरेवर, पूर्वेच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेच्या बोनेसपर्यंत, ८० रोमन मैलांची म्हणजे सुमारे ११७ किलोमीटरची भिंत उभी राहू लागली. काम तीन लीजनांच्या, म्हणजे मोठ्या रोमन पलटणींच्या, सैनिकांनी केले. दर रोमन मैलाला एक चौकी, दोन चौक्यांमध्ये दोन बुरूज आणि ठरावीक अंतरावर शिबंदीचे किल्ले अशी ती रचना होती. पश्चिमेकडचा भाग सुरुवातीला दगडाचा नव्हताच, गवताळ मातीची ढेकळे रचून तो उभारला होता. १९८७ पासून ही भिंत जागतिक वारसा आहे. तिच्या काठाने लहानमोठी अनेक संग्रहालये आहेत. ती सगळी चार दिवसांत होत नाहीत, आणि आम्ही तसा हट्टही धरला नाही.

पहिला दिवस, ९ सप्टेंबर : साउथ शील्ड्स

सकाळी मेट्रोने टाइन नदी ओलांडून साउथ शील्ड्सला गेलो. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे टेकाडावर अर्बेयाचा किल्ला आहे. भिंत नदीच्या उत्तर काठावर वॉल्सएंडलाच संपते. हा किल्ला तिच्याही पुढे, दक्षिण काठावर, बंदराच्या रखवालीसाठी आणि रसदीसाठी होता. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने इ.स. २०८ च्या सुमारास उत्तरेवर मोहीम काढली, तेव्हा या किल्ल्याचा बहुतेक भाग धान्यकोठारांनी भरून टाकण्यात आला. त्या कोठारांची जोती एकापुढे एक पसरलेली पाहताना पन्हाळ्याच्या अंबारखान्याची आठवण झाली. धान्य कोरडे राहावे म्हणून दोन्ही ठिकाणी केलेली खटपट मनात राहिली. इथे फरशीखाली वारा खेळावा म्हणून जमिनीपासून उंच उचललेली लादी आहे. किल्ल्याचा पश्चिम दरवाजा मूळ जोत्यावर नव्याने उभारला आहे. असे पुनर्बांधकाम करावे की नाही याबद्दल जाणकारांत मतभेद असतात. गुडघाभर उंचीची जोती पाहून दरवाजाचा दरारा कळत नाही आणि त्याखाली उभे राहिल्यावर तो लगेच कळतो, एवढे माझ्यापुरते मी सांगू शकतो.

संग्रहालय लहान आहे, पण तिथे एक शिळा आहे जिच्यापाशी आम्ही अर्धा तास थांबलो. ती रेजिना नावाच्या स्त्रीची समाधिशिळा आहे. वेताच्या उंच पाठीच्या खुर्चीवर ती बसली आहे, मांडीवर सुतकताईची साधने आहेत, एका बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली आणि दुसऱ्या बाजूला दागिन्यांची पेटी. चेहरा फुटून गेला आहे. माझी पत्नी शिळेजवळ वाकून म्हणाली, "अहो, ही टकळीच आहे की. आम्ही शाळेत अशीच धरायचो." खालच्या लॅटिन लेखातून कळते की रेजिना ब्रिटनच्याच दक्षिणेकडील कॅटुवेलॉनी जमातीची होती, आधी गुलाम होती, मग मुक्त झाली, तिला मुक्त करणाऱ्या बाराटिसचीच पत्नी झाली आणि ३० व्या वर्षी वारली. हा बाराटिस सीरियातील पाल्मिराचा. लॅटिन लेखाखाली त्याने स्वतःच्या लिपीत, उजवीकडून डावीकडे, एक ओळ कोरून घेतली आहे : "रेजिना, बाराटिसची मुक्त केलेली, हाय!" लॅटिन मजकुरातल्या विभक्ती चुकल्या आहेत, पाल्मिराच्या ओळीतली अक्षरे मात्र सफाईदार आहेत. सरकारी भाषेत जेवढे सांगणे भाग होते तेवढे त्याने सांगितले आणि दुःख तेवढे आपल्या भाषेत लिहिले. या अथांग साम्राज्याच्या टोकावर ती शेवटची ओळ वाचू शकणारे किती जण असतील, हा विचार दिवसभर मनातून गेला नाही.

शेजारीच व्हिक्टर नावाच्या विशीतल्या तरुणाची शिळा आहे. तो उत्तर आफ्रिकेतला मूर होता, आणि एका स्पॅनिश घोडदळाच्या स्वाराने त्याला गुलामगिरीतून मुक्त केले होते. पुढे तिग्रिस नदीवरच्या नावाड्यांचे एक पथकही या किल्ल्यात होते. 'अर्बेया' या नावाचा अर्थच 'अरबांची जागा' असावा असे काही अभ्यासक मानतात. योगायोग असा, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच साउथ शील्ड्सच्या गोदीवर येमेनी खलाशी येऊन स्थायिक झाले आणि त्यांची वस्ती आजही तिथे आहे.

दुसरा दिवस, १० सप्टेंबर : हेक्सम आणि चेस्टर्स

न्यूकॅसलहून रेल्वेने हेक्समला आलो आणि पुढच्या दोन रात्रींसाठी तिथेच मुक्काम केला. सकाळी पाऊस असल्याने आधी तिथल्या जुन्या मठात गेलो. हा मठ सातव्या शतकात स्थापन झाला. त्याचे तळघर जवळच्या कॉर्ब्रिजच्या ओसाड रोमन ठाण्यातून उचलून आणलेल्या दगडांनी बांधलेले आहे. काही दगडांवरची नक्षी आणि अक्षरे अजून दिसतात.

मठात एक उंच समाधिशिळा उभी आहे. ती फ्लेव्हिनस या २५ वर्षांच्या निशाणधारी घोडेस्वाराची. सात वर्षे चाकरी झाली होती, असे तिच्यावर लिहिले आहे. डोक्यावर तुऱ्याचे शिरस्त्राण, हातात निशाण आणि घोडा उधळलेला. आपल्याकडच्या वीरगळांची सवय असल्याने मी आपोआप खालच्या बाजूला पाहिले, कारण वीरगळात खालच्या चौकटीत वीर पडलेला असतो. इथे खाली घोड्याच्या टापांशी आखडून बसलेला, केस विस्कटलेला, हातात तलवार असलेला एक उघडा माणूस आहे. तो शत्रू, म्हणजे याच भूमीचा रहिवासी. ज्याच्यासाठी शिळा उभारली त्याचे नाव, वय, चाकरीची वर्षे, तुकडीनायकाचे नावदेखील आपल्याला मिळते. खालच्या माणसाचे काहीच नाही. या प्रवासात पुढेही ही गोष्ट मला वारंवार जाणवली आणि सरहद्दीचे कोणतेही संग्रहालय पाहणाऱ्याने ती लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

दुपारी 'एडी १२२' क्रमांकाच्या बसने चेस्टर्सला गेलो. भिंत बांधायला सुरुवात झाली त्या सनावरून बसला हा क्रमांक दिला आहे. चेस्टर्स हा घोडदळाचा किल्ला. नॉर्थ टाइन नदीच्या काठी उतरत गेलेले त्याचे स्नानगृह पुरुषभर उंचीच्या भिंतींसह उभे आहे. पण मला सांगायचे आहे ते तिथल्या संग्रहालयाविषयी. न्यूकॅसलचे नगर-कारभारी जॉन क्लेटन यांचे घर याच जागेवर होते. भिंतीचे दगड लोक शेतांच्या कुंपणाला आणि घरांना नेत होते, ते पाहून १८९० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी भिंतीलगतच्या एकेक जमिनी विकत घेतल्या, उत्खनने करवली आणि पडलेली भिंत पुन्हा रचून घेतली. त्यांच्या संग्रहासाठी त्यांच्या मृत्यूनंतर हे संग्रहालय बांधले गेले आणि ते अजून जवळजवळ त्या काळच्याच मांडणीत ठेवले आहे. वेद्या, शिळा, मूर्ती, जाती सगळे दाटीने भिंतीला लावून उभे आहे. आजच्या संग्रहालयांत एका वस्तूभोवती मोकळी जागा आणि दिवा असतो. इथे जुन्या वाड्याच्या माडीवर गेल्यासारखे वाटते. मला ही दाटी आवडली, कारण किती दगड बोलके आहेत हे तिच्यामुळेच कळते.

क्लेटन यांनी १८७६ मध्ये जवळच्या कॅरॉबर्ग येथे कोव्हेंटिना या जलदेवतेचा झरा उपसला तेव्हा त्यात १३,००० हून अधिक नाणी मिळाली, शिवाय वेद्या, अंगठ्या आणि मूर्ती. कृष्णेच्या पुलावरून जाताना हात जोडून पाण्यात नाणे टाकणाऱ्या आम्हा लोकांना त्याचे कारण समजावून सांगावे लागले नाही.

एका कपाटात काशाचे एक मोठे धान्यमाप आहे. ते कार्व्होरन येथे १९१५ मध्ये सापडले, आणि ते पाहणारा पहिला माणूस तिथला पोस्टमन होता हे वाचून मला अतिशय आनंद झाला. हे माप आपल्या पायलीसारखेच, फक्त वर निमुळते. त्याच्यावर किती धान्य मावते ते कोरले आहे, साडेसतरा सेक्स्टारियस (हे रोमनांचे लहान माप). प्रत्यक्षात मात्र त्यात त्याहून जास्त मावते. आत पातळी दाखवणारी एखादी पट्टी असावी असे काही म्हणतात, तर धान्य वसूल करताना रयतेला फसवण्याची ही युक्ती असावी असे दुसरे म्हणतात. त्याच्यावरचे सम्राट डोमिशियनचे नाव खोडले आहे. इ.स. ९६ मध्ये त्याचा खून झाल्यावर त्याचे नाव सगळीकडून पुसून टाकण्याचा हुकूम निघाला होता आणि तो हुकूम या कोपऱ्यातल्या मापापर्यंत पोचला होता. सरकारी परिपत्रक कुठवर पोचते हे आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला ही खरवडलेली जागा फार काही सांगून जाते.

तिसरा दिवस, ११ सप्टेंबर : विंडोलांडा

विंडोलांडा भिंतीवर नाही, तिच्या दक्षिणेला सुमारे मैलभर, स्टेनगेट या जुन्या रोमन रस्त्यावर आहे. भिंतीच्या आधी, इ.स. ८५ च्या सुमारास, इथे पहिला लाकडी किल्ला झाला आणि पुढे त्याच जागी एकावर एक असे एकूण नऊ किल्ले बांधले गेले. जुनी शिबंदी गेली की नवी शिबंदी आधीचा किल्ला पाडायची, त्यावर चिकणमाती आणि गवताळ ढेकळे पसरायची आणि नवा किल्ला उभारायची. त्या थराखाली हवा शिरली नाही, ओल कायम राहिली आणि एरवी वर्षभरात कुजून जाणाऱ्या वस्तू, म्हणजे लाकूड, चामडे, कापड, अगदी जमिनीवर अंथरलेले नेच्याचे पाचोळे, जशाच्या तशा राहिल्या. ही सारी जागा १९७० साली स्थापन झालेला एक धर्मादाय न्यास सांभाळतो, स्वतः उत्खनन करतो, आणि दर वर्षी उन्हाळ्यात स्वयंसेवकही मातीत उतरतात. आम्ही गेलो तेव्हाही एका चरात सहा-सात माणसे गुडघ्यांवर बसून काम करत होती. एका वयस्क बाईंनी काळ्या चिखलाचे ढेकूळ हातात धरून आम्हाला वास घ्यायला लावला. तो गोठ्यातल्या जुन्या खतासारखा, किंचित आंबूस होता. "हा वास आला की आम्हाला आशा वाटते," असे त्या म्हणाल्या.

१९७३ च्या मार्च महिन्यात इथले उत्खननकार रॉबिन बर्ली यांना अशाच चिखलात लाकडाच्या पातळ चिपा मिळाल्या. रंधा मारताना निघणाऱ्या ढलप्यांसारख्या त्या दिसत होत्या. दोन चिपा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या उलगडल्या तर आतल्या बाजूला शाईची बारीक अक्षरे. हवा लागताच ती अक्षरे विटू लागली आणि तज्ज्ञाकडे नेईपर्यंत दिसेनाशी झाली. अखेर अवरक्त किरणांनी छायाचित्रे घेतल्यावर ती पुन्हा उमटली. आजवर अशी हजाराहून अधिक पत्रे आणि कागदपत्रे मिळाली आहेत. भूर्ज, अल्डर या झाडांच्या लाकडाच्या एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, आकार साधारण पोस्टकार्डाएवढा, लिहिण्यासाठी काजळीची शाई आणि लोखंडी टाक. मधोमध दुमडायचे, मजकूर आत, पत्ता बाहेरच्या उजव्या बाजूला. आपल्या आंतरदेशीय पत्राचीच ही घडी.

बहुतेक पत्रे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, पण काही इथे उसनी आणून एका स्वतंत्र अंधाऱ्या दालनात बंद काचेत ठेवली आहेत. मी त्या काचेला जवळजवळ नाक लावून उभा होतो. लाकूड चहाच्या चोथ्यासारखे काळपट तपकिरी. अक्षरे डोळ्यांना प्रथम दिसतच नाहीत. मग नजर सरावली की लाकडाच्या रेषा एका दिशेने आणि अक्षरांची ओढ दुसऱ्या दिशेने जाताना जाणवते. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, काना-वेलांट्या ओढून लिहिलेले धावते वळण आहे. आयुष्यभर घाईतल्या हस्ताक्षरांचे वर्गीकरण केल्यामुळे असेल, लॅटिनचे एक अक्षरही येत नसताना हे लिहिणारा माणूस कुठे टाक उचलून पुन्हा बुडवतो ते मला ओळखता आले. शाई तिथे गडद होते.

आता ११ सप्टेंबरविषयी. इ.स. १०० च्या आसपास क्लॉडिया सेव्हेरा नावाच्या स्त्रीने सल्पिशिया लेपिडिना या मैत्रिणीला वाढदिवसाचे बोलावणे पाठवले. सेव्हेराचा नवरा एलियस दुसऱ्या एका ठाण्याचा अधिकारी आणि लेपिडिनाचा नवरा फ्लेव्हियस सेरिआलिस विंडोलांडातील नवव्या बटाव्हियन पथकाचा प्रमुख होता. पत्रातील तारीख आहे 'सप्टेंबरच्या आयडीसच्या आधीचा तिसरा दिवस'. सप्टेंबरची आयडीस १३ तारखेला असते, आणि रोमन लोक मोजताना दोन्ही टोकांचे दिवस धरत, म्हणून तो दिवस ११ सप्टेंबर. मजकूर लेखनिकाच्या नेटक्या अक्षरात आहे : तू आलीस तर माझा दिवस अधिक आनंदाचा होईल, तुझ्या सेरिआलिसला नमस्कार सांग, माझा एलियस आणि छोटा मुलगाही सांगतात. त्याखाली सेव्हेराने स्वतःच्या हाताने काही ओळी लिहिल्या आहेत, त्या वेड्यावाकड्या आणि उतरत्या. त्यांत ती लेपिडिनाला बहीण म्हणते, माझा जीव म्हणते आणि वाट पाहीन असे लिहिते. एका स्त्रीच्या हातचे, लॅटिनमधले, आजवर माहीत असलेले सर्वांत जुने लिखाण ते हेच. सेव्हेराचा तो दिवस तिथेच जावा म्हणून मी ही तारीख धरून ठेवली होती. पत्नीने मात्र मी न विचारलेला प्रश्न विचारला, "लेपिडिना गेली होती का?" ते कोणत्याही पत्रात नाही.

इतर पत्रांचे मजकूर भिंतींवर आणि पडद्यांवर वाचायला मिळतात. क्रॉटियस नावाचा शिपाई वेल्डेयस या मित्राला लिहितो, की इतके दिवस तुझे उत्तर नाही याचे आश्चर्य वाटते, आणि पशुवैद्य विरिलिसने पैसे घेऊन कबूल केलेली कातर त्याच्याकडून पाठवून दे. पाठीवर पत्ता : लंडन येथे, गव्हर्नरच्या घोड्यांकडील मोतद्दार वेल्डेयस यास, भाऊ क्रॉटियसकडून. पत्ता लंडनचा आणि पत्र विंडोलांडात! आमच्याकडे असे पत्र आले असते तर चुकीचा बटवडा म्हणून शेरा पडला असता. पण जाणकारांचा तर्क असा, की पत्र लंडनला पोचलेच असावे आणि नंतर वेल्डेयस गव्हर्नरबरोबर इकडे आला तेव्हा ते त्याच्या सामानात असावे. म्हणजे मित्राचे तक्रारीचे पत्र त्याने जपून ठेवले होते. रोमनांची सरकारी डाक फक्त सरकारी कामासाठी होती. शिपायांची खासगी पत्रे जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातीच जात, तरीही ती एवढ्या संख्येने गेली. सोलेम्निस हा दुसरा शिपाई तर मित्राला 'एकही पत्र न पाठवणारा बेफिकीर माणूस' म्हणतो. एका पार्सलाबरोबरच्या पत्रात मोज्यांचे जोड, चपलांचे दोन जोड आणि आतल्या कपड्यांचे दोन जोड पाठवल्याची नोंद आहे. गावोगावच्या आयांनी शिवून दिलेली अशी किती पार्सले मी लाख लावून मोहोरबंद केली असतील, आणि त्यांतल्या याद्या याच क्रमाने लिहिलेल्या असत!

सरकारी कागद तितकेच बोलके आहेत. पहिल्या टुंग्रियन पथकाचा १८ मेचा हजेरीपट मिळाला आहे : एकूण ७५२, त्यांतील ४५६ बाहेर गेलेले. बाहेरच्यांतले ३३७ एकट्या कॉर्ब्रिजला आणि ४६ गव्हर्नरच्या पहाऱ्यावर. ठाण्यात हजर २९६, त्यांतील १५ आजारी, ६ जखमी आणि १० डोळे आलेले. कामाला लायक २६५. रजेचे अर्ज आहेत, माझ्या माणसांकडची बिअर संपली तरी पाठवण्याची आज्ञा व्हावी अशी मॅस्क्युलस नावाच्या तुकडीनायकाची विनंती आहे. ऑक्टेव्हियस नावाचा मालपुरवठा करणारा माणूस लिहितो, की धान्याचे विसार दिले आहेत, तेव्हा निदान ५०० दिनार ताबडतोब पाठवा, नाहीतर विसार बुडेल आणि मी तोंडघशी पडेन. कातडी आणायची राहिली आहेत, पण रस्ते खराब असताना जनावरांना इजा करून घ्यायची नव्हती. ही शेवटची ओळ जून ते सप्टेंबरात घाटातून टपालाची गाडी नेणाऱ्या कोणाचीही असू शकली असती.

एका उधारीच्या यादीत टॅपोचा मुलगा गॅम्बॅक्स याच्या नावावर मिरी आहेत, किंमत दोन दिनार. त्या काळी मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून, पावसाळी वाऱ्यांच्या बेताने निघणाऱ्या जहाजांतून, तांबड्या समुद्रातून आणि इजिप्तमधून रोमन जगात जात. माझी पत्नी सावंतवाडीची; तिच्या माहेरी पोफळीवर मिरवेली चढलेल्या आहेत. ती त्या ओळीसमोर बराच वेळ उभी राहिली. हे सर्व लिहिले जात होते तेव्हा आपल्याकडे सातवाहनांचा काळ होता. कार्ल्याच्या लेण्यातील खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची, म्हणजे पश्चिमेकडच्या परकीयांची, नावे दाते म्हणून कोरलेली आहेत, आणि पैठण-तेरहून निघालेला माल भडोचमार्गे पश्चिमेच्या जहाजांवर चढत होता. त्या व्यापाराचे एक टोक आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. दुसरे टोक असे पावसाळी माळावर, एका शिपायाच्या उधारीच्या हिशेबात भेटेल असे वाटले नव्हते.

चामड्याच्या जोड्यांसाठी एक सबंध भिंत दिली आहे. इथे ५,००० हून अधिक पादत्राणे सापडली आहेत : खिळे मारलेले शिपायांचे जोडे, बायकांचे, तान्ह्या मुलांचे. अधिकाऱ्याच्या घरातली एक नाजूक चप्पल आहे, तिच्यावर कारागीर ल्युशियस एबुटियस थेलिस याचा शिक्का आहे. छावणीत फक्त पुरुष राहत असा माझा समज त्या लहान जोड्यांनी एका क्षणात पुसला. पलीकडे मुष्टियुद्धाचे चामडी हातमोजे आहेत. दोन्ही एका जोडीचे नाहीत. मोठा दुरुस्त करून वापरलेला आहे.

आणि एक चीप अशी आहे, जिच्यावर ब्रिटन लोक कसे लढतात याची टिपणी आहे. त्यांच्या अंगावर चिलखत नसते, घोडेस्वार पुष्कळ असतात, पण ते घोड्यावरून भाले फेकत नाहीत. आणि त्यांच्यासाठी वापरलेला शब्द आहे 'ब्रिट्टुनकुली', म्हणजे क्षुद्र, बापुडे ब्रिटन. हेक्समच्या शिळेवर घोड्याखाली आखडलेला माणूस मला पुन्हा दिसला. या हजारो ओळींत वाढदिवस आहे, बिअर आहे, मोजे आहेत, पण ज्यांच्या जमिनीवर हे ठाणे होते त्यांच्या बाजूचे एकही पत्र नाही, कारण ते लिहीत नव्हते. संग्रहालयाने त्यांच्यासाठी आणखी एखादी भिंत द्यायला हवी होती, असे मी अभिप्रायाच्या वहीत नम्रपणे लिहून आलो.

चौथा दिवस, १२ सप्टेंबर : हाउसस्टेड्स आणि मॅग्ना

सकाळी हाउसस्टेड्सला गेलो. काळ्या खडकाच्या कड्यावर वसलेला हा किल्ला सह्याद्रीतल्या माणसाला सर्वांत ओळखीचा वाटतो. उत्तरेला तुटलेला कडा, त्याच्याच माथ्यावरून गेलेली भिंत, आणि दक्षिण उतारावर बराकी, कोठारे, इस्पितळ आणि सर्वांत खालच्या कोपऱ्यात सामुदायिक शौचकूप, जिथे पावसाचे साठवलेले पाणी फिरवून मैला वाहून नेत. वारा एवढा होता की बोलणे ऐकू येत नव्हते. भिंतीवर हात ठेवून उत्तरेकडे पाहिले तर तिकडेही तेच गवत, तीच मेंढरे.

दुपारी पश्चिमेला वॉलटाउनच्या कड्याजवळील रोमन सैन्याच्या संग्रहालयात गेलो. ते विंडोलांडाच्याच न्यासाचे आहे आणि मुलांना सैन्यभरती, शस्त्रे, कवायत समजावी अशा रीतीने मांडलेले आहे. आम्ही ते भराभर पाहिले. त्याला लागून मॅग्नाचा किल्ला आहे. पोस्टमनच्या दृष्टीस पडलेले ते माप इथलेच, कार्व्होरन म्हणजेच मॅग्ना. २०२३ पासून इथे उत्खनन चालू आहे. खंदकात मे २०२५ मध्ये ३२ सेंटिमीटर लांबीच्या तळव्याचा एक जोडा मिळाला.

पण चराच्या कडेला उभ्या असलेल्या तरुण उत्खननकाराने आम्हाला दाखवले ते वेगळेच. मैदानात ठिकठिकाणी जमिनीत मापनयंत्रे पुरली आहेत. मातीतली ओल, तापमान आणि आम्लता ती सतत नोंदवतात. उन्हाळे कोरडे होत चालले आहेत, मधूनच एकदम मुसळधार पाऊस होतो, दलदलीची माती आकसून तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून हवा खाली उतरते. हवा पोचली की लाकूड आणि चामडे यांना उरलेले आयुष्य फार थोडे. "वर काढलेले आपण सांभाळू शकतो," तो म्हणाला, "पण खाली जे आहे ते आम्ही पोचण्याआधीच जाईल की काय, ही भीती आहे." विंडोलांडाचा बराच मोठा भाग अजून खणलेला नाही, मॅग्नाचा तर जवळजवळ सगळाच. तिथे खाली कोणाचे तरी न वाचलेले पत्र असणार आणि त्याचा बटवडा मातीच्या ओलेवर अवलंबून आहे.

साडेचारच्या सुमारास आम्ही बसथांब्यावर येऊन उभे राहिलो, तेव्हा पश्चिमेकडून ढग चढून आले आणि पाऊस सुरू झाला. चार दिवस या पावसाने आमचे जोडे भिजवले होते आणि पत्नीने छत्री एकदाही पिशवीत ठेवली नव्हती. मी वळून मैदानाकडे पाहिले. चरावर ताडपत्री ओढली जात होती, आणि तिच्या पलीकडे, न खणलेल्या गवतावर, पाणी हळूहळू मुरत होते.